हात्सुए आजीच्या मळणीयंत्राचा फोटो

सोमवारी शाळा सुटल्या सुटल्या कानोकोनं सायकल जी हाणली ती थेट शेतकरी सोसायटीच्या दारात नेऊन थांबवली. तीन किलोमीटर समोरून वारा, नाक लालभडक, बोटं बधिर, पण पर्वा कुणाला! सोसायटीच्या हॉलमध्ये आज सकाळपासून शाळेच्या फोटोमंडळाचं प्रदर्शन लागलं होतं. बावीस फोटो. आणि त्या बाविसांत अगदी मधोमध, दारातून पाऊल टाकलं की पहिल्यांदा दिसेल असा, तिचा!

मागच्या वर्षापर्यंत हीच कानोको हजेरीला "हजर" इतकं हळू म्हणायची की सर तिला बिनदिक्कत गैरहजर मांडायचे. अकरावीत आली, फोटोमंडळात शिरली, कॅमेरा गळ्यात पडला आणि काय झालं कोण जाणे, तोंडाचं कुलूप जे निघालं ते निघालंच. आता आई म्हणायची, "अगं, घास तरी गिळ, मग बोल."

फोटो होता हात्सुए आजीच्या मळणीयंत्राचा. गावाबाहेर एकटी राहून आझुकी, म्हणजे मिठाईत घालायचं लाल कडधान्य, पिकवणारी, पंच्याहत्तरी ओलांडलेली ही आजी. तिच्या शेडमध्ये बावन्न वर्षांपूर्वीचं लाल यंत्र होतं, खोलीएवढं. रंगीत फोटोत नुसता बाजार भरला होता: निळी ताडपत्री, हिरवी बादली, दोरीवर वाळत घातलेले गुलाबी रबरी हातमोजे. डोळा यंत्रावर ठरेचना. मग कानोकोनं कॉम्प्युटरवर फोटो काळापांढरा केला आणि सगळा गलका एका झटक्यात बंद. तेवढ्यावर थांबेल ती कानोको कसली! तिनं लाल रंगाचा स्लायडर ओढून ओढून पार तळाला नेला. लाल यंत्र कोळशासारखं काळं झालं. मागच्या दारातून येणारा उजेड पांढराफेक. काय गंभीर, काय भव्य! तिला स्वतःचाच हेवा वाटला होता.

हॉलमध्ये शिरली तर तिच्या फोटोपुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. टोपी हातात. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, कमरेत वाकले, सुस्कारा टाकला आणि निघून गेले. कानोको हरखलीच. कलेला एवढा मान!

"बघितलंस?" तिनं रिन्काला कोपर मारलं. रिन्का मंडळातली तिची मैत्रीण, प्रदर्शनाची वही सांभाळत बसली होती. तिचा चेहरा मात्र कसनुसा झाला होता.

"कानोको, हे सातवे."

"सातवे काय?"

"नमस्कार करणारे. एका बाईंनी तर मला विचारलं, कशानं गेलं म्हणून."

कानोकोनं मान वळवून आपल्या फोटोकडे पाहिलं. पहिल्यांदाच, दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी. काळापांढरा फोटो. मंडळाकडची बारीक काळी चौकट. खाली टेबलावर सोसायटीच्या काउंटरवरच्या बाईंनी हौसेनं आणून ठेवलेली पांढऱ्या शेवंतीची फुलदाणी. आणि तिनं स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलेली पाटी: 'बावन्न वर्षांच्या अखंड सेवेनंतर.'

घरी पितरांच्या देव्हाऱ्यावर आजोबांचा फोटो अस्साच होता. अगदी अस्साच! हीच चौकट, हीच फुलं.

"आई गं," कानोको म्हणाली.

"फक्त उदबत्ती राहिलीय," रिन्का म्हणाली.

आणि नेमका तेव्हाच दार उघडलं. आधी गार वारा आत आला, मागोमाग चिखलाचे बूट आणि त्या बुटांत हात्सुए आजी. चार फूट आठ इंच उंची, पण हॉल भरून गेला.

"कुठाय ती फोटोवाली?"

रिन्कानं मैत्रिणीला वाचवण्याऐवजी बोटानं दाखवून दिलं.

"सकाळपासून फोन उचलून उचलून माझा कान सुजलाय!" आजी कडाडली. "फार वाईट झालं हात्सुएसान, फार वर्षांची साथ होती हात्सुएसान. मला वाटलं माझीच बातमी उठली की काय! एक जण तर बॉक्सभर सफरचंदं ठेवून गेला दारात. सांत्वनाला!"

कानोको इतकी खाली वाकली की कॅमेरा फरशीला टेकला. "आजी, चुकलं माझं. खरंच चुकलं. मला फक्त ते... ते रुबाबदार दिसावं असं..."

"रुबाबदार? कोळसा केलास तू त्याचा." आजी फोटोपुढे जाऊन उभी राहिली. मग आवाज एकदम उतरला. "भंगारवाल्याचाही फोन आला. ओबाताचा. दर हिवाळ्यात विचारतो, आहे का गेलं. आज म्हणाला, सोसायटीत बघून आलो, शनिवारी सकाळी आठला ट्रक आणतो."

"मग तुम्ही सांगितलं ना, की जिवंत आहे म्हणून?"

"नाही," आजी म्हणाली. "ये म्हटलं."

कानोको डोळे फाडून आजीकडे बघत राहिली.

"अशी बघतेस काय? चल, बस गाडीत. दाखवते तुला. सायकल टाक मागे."

आजीच्या छोट्या ट्रकमध्ये हीटर नव्हता आणि आजी गाडी हाकायची ती जशी काही मागे लांडगा लागलाय. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, पार डोंगरापर्यंत. बीट काढून झालं होतं, बटाटे कधीच गेले होते. आजीच्या शेतात तेवढ्या आझुकीच्या सुड्या उभ्या होत्या, माणसाच्या उंचीच्या, डोक्यावर ताडपत्रीच्या टोप्या घातलेल्या. कापलेली रोपं अशी रचून वाऱ्यावर वाळवणारं आता गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाकी सगळे मोठ्या कंबाइनला बोलावून अर्ध्या दिवसात मोकळे व्हायचे.

शेडमध्ये आजीनं खटका दाबला. यंत्र खोकलं, थरथरलं आणि असं काही गरजायला लागलं की छपरावरचे कावळे उडाले. आजीनं वाळलेल्या रोपांची एक कवळी आत सारली. खालच्या तोंडातून दाणे आले. तिनं ओंजळभर उचलून कानोकोपुढे धरले आणि यंत्र बंद केलं.

लाल दाण्यांत जिकडेतिकडे पांढरे तुकडे. निम्मे फुटलेले.

"गेल्या साली जुनी मोटर जळाली. पुतण्यानं नवी बसवून दिली. तेव्हापासून हे असं. ढकलते, सावकाश घालते, ओलं घालून बघितलं, कोरडं घालून बघितलं. फुटलेला दाणा सोसायटी घेत नाही, मिठाईवाले तर ढुंकून बघत नाहीत. शोहेई होता तेव्हा एक दाणा फुटायचा नाही." शोहेई म्हणजे आजीचा नवरा, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. "तो यंत्राचं बघायचा, मी सुड्यांचं. त्यानं काय केलं होतं ते त्यालाच ठाऊक. जाताना जुन्या मोटरीच्या भरवशावर सोडून गेला."

"मग यंत्र गेल्यावर?"

"यंत्र गेलं की आझुकी बंद. रान शेजाऱ्याच्या बटाट्याला देणार. मी बसून टीव्ही बघणार." आजीनं ओंजळ पोत्यात झटकली. "फोन आले तेव्हा संतापले गं मी. पण मग वाटलं, पोरीला जे दिसलं ते मलाच दिसत नव्हतं."

हे मात्र कानोकोच्या वर्मी लागलं. आजी नुसत्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! सायकलवरून घरी जाताना तिला एकच गोष्ट छळत होती. तिला तसं काही दिसलंच नव्हतं. तिनं फक्त एक स्लायडर तळाला ओढला होता, मजा वाटली म्हणून. आणि एवढ्यावरून एक बाई आपलं शेत सोडायला निघाली होती.

मंगळवारी तिनं प्रदर्शनातला फोटो उतरवला. बुधवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मूळ रंगीत फोटो उघडून बसली. आजीला जिवंत यंत्राचा काळापांढरा फोटो द्यायचा, शनिवारच्या आत. त्यानं काय होणार होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. पण चूक जिथं केली तिथूनच निस्तरायला हवी होती.

फोटोमंडळाचे मुरोई सर खिडकीशी बसून सँडविच खात होते. तिचे उसासे ऐकून ऐकून शेवटी उठून आले.

"काय केलं होतंस मागच्या वेळी?"

"लाल खाली. सगळा."

"आणि नारिंगी? पिवळा?"

"त्यांनाही त्याच्यामागे ढकललं. सगळे एकदम काळे."

"म्हणजे वर्गातल्या सगळ्या पोरांना एकच शिक्षा." सरांनी खुर्ची ओढली. "हे बघ कानोको. काळापांढरा फोटो म्हणजे रंगांना हाकलून देणं नव्हे. प्रत्येक रंगाला राखाडीत आपापली जागा द्यायची असते. दोन रंग सारखेच उजळ असले तर त्यांचा राखाडी एकच होतो, एकमेकांत बुडून जातात. त्यांना वेगळं करणं तुझ्या हातात. एकेकाला हलव आणि बघ कोण कुठून उठतं ते."

तिनं लाल थोडा वर घेतला. यंत्राला अंग आलं. निळा खाली घेतला, ताडपत्री अंधारात गेली. नारिंगी वर, गंज खरखरीत उजळला, बिजागऱ्या दिसल्या, रोज हात लागून गुळगुळीत झालेली मूठ चमकली. बरं दिसत होतं. खरंच बरं दिसत होतं! मग ती पिवळ्यापाशी आली. यंत्रात पिवळं काही नव्हतंच, म्हणून तिनं उगाचच तो स्लायडर पार टोकाला सरकवला.

यंत्राच्या कुशीवर, रोपं घालायच्या तोंडाच्या जरा वर, काहीतरी उजळलं.

"सर."

"हं."

"सर, इथं कुणीतरी लिहिलंय."

लाल आणखी खाली, पिवळा तसाच वर. धुळकट राखाडी पत्र्यातून फिकट रेघा वर आल्या, पाण्यातून मासे यावेत तशा. कधीकाळी पिवळ्या रंगानं, बारीक ब्रशनं, वाकड्यातिकड्या हातानं लिहिलेलं. लाल विटून विटून नारिंगी झाला होता, पिवळा विटून विटून त्याच्यात विरघळला होता. नुसत्या डोळ्याला दोन्ही एकच गंजका रंग. सरांचं सँडविच हवेतच राहिलं.

कानोको मोठ्यानं वाचायला लागली. "आझुकी, तीनशे ऐंशी फेरे. पांढरा घेवडा, तीनशे वीस. सोयाबीन, साडेचारशे." मग ती थांबली. खाली आणखी एक ओळ होती. ती वाचली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"काय लिहिलंय?" सरांनी विचारलं.

"ते मी आजींनाच दाखवते," कानोको म्हणाली. तिला हसू येत होतं का रडू, तिचं तिलाच कळेना.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती मोठा प्रिंट छातीशी धरून आजीच्या स्वयंपाकघरात उभी होती. आजीनं चहा ओतला, मुळ्याचं लोणचं पुढे सरकवलं, चष्मा शोधायला पाच मिनिटं घेतली. तो डोक्यावरच होता.

"चौकट नाही ना आणलीस?"

"नाही आजी. चौकट नाही, फुलं नाहीत. बघा तर."

आजीनं प्रिंट टेबलावर ठेवला. आकडे वाचले. बोट हळूहळू खाली आलं, शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथं शोहेई आजोबांच्या हातचं लिहिलेलं होतं: 'हात्सुए घाई करते. तिला वेग वाढवू देऊ नये.'

आजीनं प्रिंट उचलून डोळ्यांजवळ धरला.

"मेल्या!" आजी एकदम म्हणाली, देव्हाऱ्याच्या दिशेनं. "माझ्या पाठीमागे! माझ्याच यंत्रावर! तरीच मला कधी खटक्याजवळ फिरकू द्यायचा नाही. म्हणायचा, तू सुड्या बघ, तुझ्यासारख्या सुड्या कुणी रचत नाही. आणि मी फुशारून जायचे!" तिनं चष्मा काढून गळ्यातल्या टॉवेलानं डोळे पुसले, मग पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. "अक्षर बघ कसलंय. कोंबडीनं पाय बुडवून चालावं तसं."

"आजी, आत्ता यंत्र किती फेरे घेतंय?"

"मला काय विचारतेस? मी घाई करते."

दोघी शेडमध्ये गेल्या. आजीनं आधी ओल्या फडक्यानं पत्रा खसाखसा पुसला, नाक लावून पाहिलं, टॉर्च मारला. काही नाही. नुसता गंजका लाल. "तुझ्या मशिनीला दिसतं आणि मला नाही, म्हणजे काय?" ती कुरकुरली. कानोकोनं मळणीच्या ड्रमच्या पुलीवर खडूनं एक पांढरी रेघ मारली, यंत्र चालू करायला सांगितलं आणि फोनवर त्याचा संथ व्हिडिओ घेतला. मग दोघी पेटीवर बसून, डोकं डोक्याला लावून, खऱ्या सहा सेकंदांत रेघ किती वेळा वर येते ते मोजत बसल्या. आजी दोनदा चुकली, दोन्ही वेळा दोष कानोकोला दिला. तिसऱ्यांदा जमलं. एकोणसाठ.

"म्हणजे मिनिटाला पाचशे नव्वद," कानोको म्हणाली. "तीनशे ऐंशीच्या जागी! आजी, मोटर नवी, जोरात पळणारी. ड्रमची पुली जुनीच, नऊ इंची. पुतण्यानं बाकी काही बदललंच नाही. पुली मोठी केली की फेरे कमी. चौदा इंची हवी." गणितात तिला कधी साठाच्या वर मार्क पडले नव्हते, पण हे तिनं बोटांवर केलं.

आजीचा चेहरा क्षणभर उजळला आणि तसाच मावळला. "चौदा इंची पुली आता मिळते कुठं? शहरातून मागवायची तर आठवडा. सोमवारपासून बर्फ सांगितलंय. सुड्यांवर बर्फ बसलं की संपलं. आणि उद्या आठला ओबाता येतोय."

"त्यांना फोन करून नको म्हणून सांगा ना!"

"शब्द दिलाय मी. आणि सांगू काय? मेलेल्या यंत्राच्या अंगावर नवऱ्यानं केलेली माझी तक्रार सापडली म्हणून?"

शनिवारी सकाळी पावणेआठलाच कानोको हजर. गवत दंव गोठून पांढरं झालेलं, श्वासाची वाफ. बरोबर आठला ओबाता काकांचा ट्रक आत वळला. जाडजूड, गळ्यात टॉवेल, सदा हसतमुख माणूस. मागे ट्रकमध्ये आदल्या दोन दिवसांत गोळा केलेलं भंगार कडमड कडमड वाजत होतं.

"हात्सुए आजी, फार वाईट..."

"सुरू करू नकोस," आजी म्हणाली.

काकांनी यंत्राभोवती फेरी मारली, पत्रा ठोकला, क्रेनचा हूक सोडायला लागले. आजी दाराला टेकून उभी, हात बगलेत, नजर सुड्यांकडे. ती काही बोलणार नव्हती. शब्द दिला होता ना!

ओबाता काका सोसायटीत येऊन तिच्या फोटोपुढे वाकून गेलेल्या सातांपैकी एक असणार. हा हूक तिनंच तर इथवर आणला होता. ती सरळ चालत गेली आणि ट्रकच्या मागच्या चाकावर पाय देऊन भंगारात चढली.

"अगं ए! उतर! धनुर्वात होईल!"

"काका, यात काय काय आहे?"

"कचरा आहे, दुसरं काय! बटाटे निवडायचं मशीन, दुधाचे कॅन, कुणाचा तरी फ्रीज..."

"बटाट्याच्या मशीनला पुली असते?"

"असते की. मोठी असते चांगली. का?"

तिनं त्यांना सगळं सांगितलं. भंगाराच्या ढिगावर उभं राहून, हातवारे करत, एका दमात: फोटो माझा चुकला, काका, यंत्र मेलेलं नाही, ते फक्त घाईत आहे, हे बघा त्याच्या अंगावरच लिहिलंय. आणि जॅकेटमधून दुसरा छोटा प्रिंट काढून तिनं खाली धरला. काकांनी वाचला. पहिल्यांदा आकडे, मग ती शेवटची ओळ. त्यांचं पोट हलायला लागलं.

"शोहेईदा!" ते हसता हसता म्हणाले. "आम्हाला दुकानात बसून हेच सांगायचा. म्हटलं होतं, आजींना लेखी दे एकदा!"

"दिलं की," आजी म्हणाली. "गंजात."

पुली तेरा आणि पाव इंची निघाली. "चालेल," आजी म्हणाली, "पाऊण इंचाची घाई मला माफ." भोक मोठं होतं, तर काकांनी पत्र्याची पट्टी गुंडाळून ती घट्ट ठोकून बसवली. पट्टा पुरेना, मग मोटरीचे नट सैल करून तिघांनी रेटून मोटर चार बोटं पुढे सरकवली. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. ट्रकचा हूक तसाच लोंबकळत राहिला.

आजीनं खटका दाबला.

या वेळी यंत्र गरजलं नाही. घुमलं. जाडसर, सावकाश, पोटातून. आजीनं एक कवळी आत घातली, मग दुसरी. तिच्या हाताला सवयीनं वेग यायला लागला तसं कानोको ओरडली, "आजी, हळू!"

"तूही त्याच्याच पार्टीतली का गं?" पण हात हळू झाला.

खाली दाणे पडायला लागले. आजीनं ओंजळ धरली, उजेडात नेली. लाल. लाल, गोल, लाल. एक तुकडा सापडला, तो तिनं बाजूला काढला. मग बोटं फिरवत राहिली, दुसरा सापडतो का म्हणून, बराच वेळ. काकांनी एक दाणा तोंडात टाकून दातानं दाबला. "खण्ण," ते म्हणाले. "वाऱ्यावर वाळलेलाच असा वाजतो. मी यंत्र न्यायला आलो आणि पुली देऊन चाललो, घरी काय सांगू?"

"सांग, अजून गेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात विचार."

कानोकोनं कॅमेरा डोळ्याला लावला. ओंजळीतले दाणे, आजीची काळी नखं, मागे पट्टा फिरतोय, दारातून तिरपा उजेड. लाल थोडा वर घ्यायचा, तिनं आत्ताच ठरवलं, नखं मात्र काळीच...

"ए फोटोवाले!" आजी यंत्राच्या आवाजावरून ओरडली. "ते नंतर! चार सुड्या उभ्या आहेत आणि सोमवारी बर्फ. पोत्याचं तोंड धर आधी. दोन्ही हातांनी!"

कानोकोनं कॅमेरा पाठीवर टाकला आणि दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड उघडून धरलं. तिकडे ओबाता काका हूक गुंडाळून ठेवून, बाह्या वर करत, पहिल्या सुडीची टोपी उतरवायला निघाले होते.